पानिपत रस्त्यावरची हवाई मेजवानी

सासूबाईंना पानिपत बघायचं होतं आणि माझ्या मुलीला स्विमिंग पूल असलेलं हॉटेल हवं होतं. जानेवारीच्या त्या थंडीत पोहणार कोण, असं विचारायची सोय नव्हती. सलग सुट्ट्या आल्या तशी नवऱ्यानं दोघींचीही हौस एकत्र बसवली. सकाळी गुरुग्रामहून निघून काला अंब हे पानिपतच्या लढाईचं स्मारक बघायचं आणि परतताना हायवेलगतच्या एका रिसॉर्टमध्ये राहायचं. सासूबाई अलिबागहून महिनाभरासाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना थंडी सोसत नव्हती, पण तक्रार करायची त्यांची पद्धत नाही. स्वेटरवर शाल, शालीवर नवऱ्याचं जुनं जॅकेट, अशा त्या गाडीत बसल्या.

काला अंबला त्यांनी चपला काढल्या आणि गार फरशीवर हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. मुलीनं विचारलं, "आजी, इथे आपण हरलो ना? मग नमस्कार कशाला?"

"करावा," सासूबाई म्हणाल्या, आणि तिचं डोकं धरून वाकवलं.

रिसॉर्टच्या फाटकावर मोठा फलक होता. त्या संध्याकाळी लॉनवर हवाईयन मेजवानी आणि शो.

"हवाई म्हणजे विमानवाले का रे?" सासूबाईंनी विचारलं. नवरा हसून हसून लाल झाला. मग त्यानं फोनवर त्यांना समुद्रातली ती बेटं दाखवली. तो असाच माणूस. कुणाला न दुखावता समजावून सांगणारा. घरात पाल निघाली तर कागदावर घेऊन बाल्कनीत सोडणारा. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर स्वतःच एक पाऊल मागे सरकणारा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. कधी कधी याचा मला राग यायचा, हेही खरं.

दुपारी लॉनच्या कोपऱ्यात आचारी खड्डा भरत होते. तळाला तापून पांढरे झालेले दगड, त्यावर केळीची पानं, पानांत गुंडाळलेल्या कोंबड्या, रताळी, अननसाच्या फोडी, वर ओली पोती आणि माती. तिकडे अख्खं डुक्कर भाजतात, इकडे पाहुणे बघून कोंबडी, असं एका आचाऱ्यानं सांगितलं. सासूबाई खड्ड्याजवळ खुर्ची टाकून बसल्याच.

"अगं, ही तर आपली पोपटी! नुसतं मडकं नाही, एवढंच."

"पोपटी म्हणजे कलर ना?" मुलगी म्हणाली. दिल्लीतच वाढलेली ती. सासूबाईंनी तिला शेतातली थंडी, वालाच्या शेंगा, मडक्याभोवतीचा जाळ, सगळं साग्रसंगीत सांगितलं. दिवसभरातलं ते शेवटचं निवांत बोलणं.

सूर्य मावळायच्या सुमाराला सगळ्यांच्या गळ्यात प्लास्टिकच्या फुलांचे हार घातले गेले. लॉनवर गॅसचे हीटर, मध्ये हातभर उंचीचा स्टेज, त्यावर गवताची चटई. बहुतेक टेबलांवर आमच्यासारखी कुटुंबं होती. पुढचं टेबल मात्र पाच-सहा पुरुषांचं होतं. त्यांची दारू दुपारपासूनच चालू असावी. त्यांतला एक मरून रंगाच्या फुगीर जॅकेटवाला सतत उभाच होता. वेटरला तो बोट वाकवून बोलवायचा, आणि उशीर झाला की त्याच्या मानेवर चापट मारायचा. चापट हसत हसत मारायचा, म्हणून वेटरही हसायचा.

"सीधे हवाई से!" असं निवेदकानं ओरडून सांगितलं आणि चार मुली स्टेजवर आल्या. गवताचे घागरे, उघडे दंड. दोन गाण्यांच्या मधे त्या एकमेकींना खेटून उभ्या राहायच्या आणि कुडकुडायच्या. गाणं सुरू झालं की हात लाटांसारखे हलायचे, हसू जागेवर यायचं. पुढच्या टेबलावरून शिट्ट्या चालू होत्या. मरूनवाल्यानं नोटा उधळल्या. मॅनेजर येऊन हात जोडून काहीतरी म्हणाला, त्यानं मॅनेजरच्या गळ्यात आपला हार घातला आणि गालाला चिमटा काढला. टेबल हसलं. आम्ही बाकीचे आपापल्या ताटांत बघायला लागलो.

मग लहान मुलांना नाच शिकायला स्टेजवर बोलावलं. माझी मुलगी धावतच गेली. एका नर्तिकेनं तिचा हात हातात घेतला आणि कंबर कशी हलवायची ते दाखवू लागली. सासूबाई फोन उभा धरून व्हिडिओ काढायला लागल्या. नवरा त्यांच्यासाठी सूप आणायला गेला होता.

मरूनवाला नाचत नाचत स्टेजवर चढला. मला वाटलं, आता मॅनेजर खाली उतरवेल. मरूनवाल्यानं त्या नर्तिकेचं मनगट पकडलं. ती आधी हसली. मग तिनं हात सोडवायचा प्रयत्न केला. त्यानं पीळ दिला आणि ओढलं. ती गुडघ्यांवर आदळली, आणि तिच्या दुसऱ्या हातात हात असलेली माझी मुलगी तिच्यासोबत फरफटली. तो वाकला, मुलीच्या छातीवर पंजा ठेवला आणि दार लोटावं तसं तिला लोटलं. ती स्टेजच्या कडेवर तोंडावर आपटून खाली पडली.

मी पोहोचले तेव्हा तिची हनुवटी उघडली होती. आतलं पांढरं दिसत होतं. रक्त हारावर, माझ्या हातांवर. ती रडत नव्हती, नुसती श्वास घ्यायला तोंड उघडत होती. मी टेबलावरचा नॅपकिन दाबून धरला आणि तिला मांडीवर घेतलं.

स्टेजमागे आगीच्या खेळासाठी एक मुलगा तयार होत होता. त्याच्या हातात लांब दांडा होता, दोन्ही टोकांना रॉकेलमध्ये भिजवलेले बोळे, त्यातलं एक पेटलेलं. तो तसाच धावत आला, दांडा एका हातात लांब धरून, आणि दुसऱ्या हातानं त्यानं मरूनवाल्याची कॉलर धरली. जाळ मरूनवाल्याच्या अंगाजवळ येणार नाही याची तो मुलगा काळजी घेत होता. हे मी स्पष्ट पाहिलं. तेवढ्यात टेबलावरचा दुसरा एक जण मागून आला आणि त्यानं बाटली त्या मुलाच्या डोक्यावर फोडली. मुलगा दमल्यासारखा खाली बसला. केसांतून रक्ताची धार डोळ्यांवर आली. दांडा चटईवर घरंगळला आणि गवत पेटलं.

मग मला नवरा दिसला. त्याच्या हातात सूपचा वाडगा होता. त्यानं तो टेबलावर ठेवला. सांडू नये म्हणून नीट ठेवला. मग स्टेजकडे चालत गेला. धावला नाही. त्यानं दांडा उचलला.

पहिला घाव मरूनवाल्याच्या खांद्यावर बसला. आतलं हाड मोडल्याचा आवाज गाण्याच्या वरून ऐकू आला, कारण गाणं कुणी बंदच केलं नव्हतं. दुसरा घाव अडवायला त्या माणसानं हात वर केला आणि तो हात कोपराखाली वेडावाकडा झाला. जॅकेटला आग लागली. नायलॉन वितळून मानेला चिकटलं, आतला पांढरा कापूस हवेत उडाला आणि उडता उडता पेटला. जळक्या केसांचा वास आला. मित्रांपैकी दोघे पुढे झाले. नवऱ्यानं दांड्याचं टोक एकाच्या तोंडात खुपसलं, तो रक्त थुंकत मागे गेला. दुसऱ्यानं लांबूनच खुर्ची फेकली. ती एका वेटरच्या पोटात बसली. एक हीटर आडवा झाला. बायका मुलांना उचलून पळत होत्या, कुणाचे तरी आजोबा टेबलाखाली गेले होते.

मरूनवाला आता गुडघ्यांवर होता. एक हात लोंबत होता, तरी त्यानं तो दुसऱ्या हातानं उचलून जोडला. "भाई, बस. भाई, बस."

नवरा मारत राहिला. पाठीवर. पुन्हा पाठीवर. प्रत्येक घावाबरोबर त्याच्या तोंडातून हुंकार निघत होता. असा हुंकार मी कधी ऐकला नव्हता.

मुलीला सासूबाईंच्या मांडीवर देऊन मी धावले आणि मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं कोपर मागे हाणलं. ते माझ्या बरगडीत बसलं. मी सोडलं नाही, त्यानं पुन्हा हाणलं. मग तो गर्रकन वळला, दांडा वर. मी त्याचं नाव घेऊन ओरडले. तो माझ्याकडे बघत होता आणि ओळखत नव्हता. मला वाटलं, आता हा मलाही मारणार.

तेवढ्यात रिसॉर्टच्या एका गार्डनं आग विझवायचा लाल सिलिंडर उघडला. पांढऱ्या पावडरीचा लोट आमच्यावर आला. नवरा खोकत खाली बसला, दांडा सुटला, आणि चटईच्या जाळात तापलेल्या ज्या टोकाला त्यानं धरलं होतं तिथली तळहाताची कातडी दांड्यालाच राहिली. तो आंधळ्यासारखा चाचपडत असताना त्या टेबलावरच्या दोघांनी येऊन त्याला लाथा घातल्या, डोक्यात, कुशीत, पाठीत. शेवटी आचारी आणि वेटर मिळून त्यांना ओढून बाजूला घेऊन गेले.

पोलीस आले. आल्या आल्या हवालदारानं पहिली काठी मारली ती खुर्ची लागलेल्या वेटरला. "पीछे हट!" का, ते त्यालाच माहीत.

जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये मुलीला टाके घातले. डॉक्टरांनी विचारलं, कुठे कुठे दुखतंय, तर ती म्हणाली, "ठोडी."

"हनुवटी म्हणावं गं," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या केसांत तोंड घालून रडल्या.

बाहेरच्या बाकावर ती नर्तिका बसली होती, गवताच्या घागऱ्यावर हॉटेलची चादर गुंडाळून. मनगट सुजलं होतं. आत ज्याच्या डोक्याला टाके घालत होते तो तिचा भाऊ. दोघं मणिपूरचे, दिल्लीत मुनिरकाला राहणारे. मी तिला म्हटलं की तक्रार कर, मी साक्ष देते.

"दीदी, आपके लिए एक शाम थी," ती म्हणाली. "हमें वहाँ फिर जाना है."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "वो आपके हस्बैंड थे?"

"हो. हाँ."

ती आभार मानेल असं मला वाटलं होतं. ती माझ्यापासून थोडी सरकून बसली, एवढंच.

चौकीत नवरा हाताला बँडेज बांधून बसला होता, डोळे सुजलेले, केसांत ती पांढरी पावडर. अधिकारी त्याचं ओळखपत्र उलटसुलट करून बघत म्हणाला, "पढ़े-लिखे आदमी हो. इतना कौन मारता है?" आणि मग हसून, "वैसे मारा अच्छा." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत समझोता झाला. मुलगी पडली, बाईचा हात पिळला, बाटली फुटली, हे सगळं त्यांच्या बाजूला. मोडलेली हाडं आणि भाजलेली मान आमच्या बाजूला. कुणालाच कोर्ट नको होतं. दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या.

आम्ही घरी पोहोचायच्या आधी व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचला होता. कुणीतरी काढलेला, कापलेला. मुलगी पडते तिथे सुरू, दुसऱ्या घावाला बंद. जोडलेले हात त्यात नव्हते. लोक मिठाई घेऊन आले. सोसायटीच्या गार्डनं नवऱ्याला सलाम ठोकला. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भाईसाहब, आपने तो कमाल कर दिया!" पाठीवर लाथांचे वळ होते. नवरा कळवळला, आणि सगळे त्यावरही हसले.

सासूबाई अलिबागला फोन करून सांगत होत्या, माझ्या लेकानं एकट्यानं सगळ्यांना लोळवलं. दर फोनला माणसं वाढत होती. मला त्या म्हणाल्या, "बापानं लेकीसाठी हात उचलला. तू तोंड पाडून काय बसतेस?"

"आई, त्या माणसानं हात जोडले होते."

त्या लसूण सोलत होत्या. सोलत राहिल्या. "ठाऊक आहे मला. मी शूटिंग करत होते ना. सगळं आलं होतं त्यात."

"मग? कुठे आहे?"

"पुसून टाकलं," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकानं बघू नये म्हणून."

मुलीनं शाळेत सांगितलं की माझे पपा माणसाचा हात तोडू शकतात. पण घरी तो फडताळातली बरणी काढायला हात वर करायचा तेव्हा ती मान आत घ्यायची. तिचं तिलाही कळत नसावं. त्याला कळायचं. तो बरणी मला काढायला सांगायला लागला.

मग एका सकाळी मी कपडे बदलत असताना त्यानं माझ्या बरगडीवरचं काळंनिळं पाहिलं.

"हे कुणी केलं? त्यांच्यापैकी कुणी?"

खोटं सांगता आलं असतं. "तू," मी म्हटलं.

तो पलंगाच्या कडेवर बसला. त्या दिवशी ऑफिसला गेला नाही. संध्याकाळी म्हणाला, "मला त्या माणसाला बघायचंय."

"अरे, सेटलमेंट झालंय. परत तिकडे जाऊन मार खायचाय का?"

"असेल तर असेल. पण मला बघायचंय."

पुढच्या रविवारी दुपारी समझोत्याच्या कागदावरचा पत्ता घेऊन आम्ही पानिपतला गेलो. ब्लँकेटच्या गाठी रचलेल्या एका गल्लीत त्याचं दुकान आणि वर घर. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. नवऱ्याच्या हाताचं बँडेज बघून त्यांनी ओळखलं असावं. आत या म्हणाले नाहीत, पण दारातून बाजूला झाले.

तो खाटेवर होता. हात प्लास्टरमध्ये, खांदा पट्ट्यांनी आवळलेला, मानेपासून कानापर्यंतची कातडी गुलाबी आणि सुरकुतलेली. दारू नसलेला तो वेगळाच माणूस वाटत होता, तरुण. त्याची बायको कोपऱ्यात उभी होती.

नवरा खाटेपाशी जाऊन उभा राहिला. शेवटी तोच माणूस बोलला, छताकडे बघत. "मैंने हाथ जोड़े थे."

"हाँ," नवरा म्हणाला. "देखा था."

"फिर?"

"रुका नहीं गया."

मग म्हाताऱ्यांनी मुलाला विचारलं, "हाथ क्यों जोड़ने पड़े? क्या किया था तूने?" तो छताकडेच बघत राहिला. "बता. इनके सामने बता. बच्ची को धक्का दिया था कि नहीं?" आणि त्यांनी मुलाच्या तोंडात मारली, त्या भाजलेल्या बाजूला. तो खाटेवर कलंडला, प्लास्टर भिंतीवर आपटलं, त्याच्या घशातून बारीक किंकाळी निघाली. म्हाताऱ्यांनी दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा नवरा मध्ये शिरला होता. त्यानं तो हात आपल्या बँडेजच्या हातानं वरच्या वर पकडला.

"मत मारिए!" तो ओरडला. "मत मारिए, प्लीज, मत मारिए!" बँडेजमधून लाल उमटलं, तरी त्यानं हात सोडला नाही. म्हाताऱ्यांना वाटलं असावं की हा आता त्यांनाच मारणार. ते मागे सरकले, भिंतीला टेकले आणि खाली बसले. खाटेवरचा माणूस चादरीत तोंड घालून रडत होता.

त्याच्या बायकोनं मला विचारलं, "बच्ची कैसी है?"

"टाँके निकल गए," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. नवरा जिन्यात पोहोचला होता. तिनं दाराची कडी हातात धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "अब मत आना जी." रागानं नाही म्हणाली. थकून म्हणाली.

आम्ही पुन्हा गेलो नाही.